शिरगणती

सनशाइनच्या पलीकडे, काळ्या खडकाच्या माळावर
दक्षिणेचा वारा थेट समुद्रावरून येतो, मधे काही न लागता.
तिथे पत्र्याच्या कुंपणाला एक फट होती
आणि फाटकाशी माझे वडील,
वेन्झू शेरेब, गोझो रोव्हर्सचे खजिनदार.
डाव्या खिशात मोजणीचं यंत्र, अंगठ्याखाली. टिक्. टिक्.

मी आठ वर्षांची. तिकिटं फाडायचं काम माझं.
जूनची थंडी, बोटं बधिर,
पास्तिझीच्या तेलकट कागदात ती शेकून घ्यायची
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

वहीत दोन आकडे असत.
शाईतला फेडरेशनसाठी: एकोणीसशे
(तिकिटामागे त्यांचा वाटा,
आणि शाईलाही घरची परिस्थिती कळते).
उलट्या बाजूनं शेवटच्या पानावर, पेन्सिलीतला:
तीन हजार सहाशे चाळीस.
त्यात फटीतून आलेले धरलेले,
सुरूच्या झाडावरचे सहा,
खांद्यावरची पोरं,
टायरच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून
उभ्याउभ्या झोपलेले,
आणि तो एक सिसिलीचा न्हावी,
ज्याला आमच्या क्लबचं सोयरसुतक नव्हतं,
आमच्या शिव्या त्याला कळायच्या, एवढ्यासाठी यायचा.

"कारखान्यात आपण कुणाच्या खिजगणतीत नाही," वडील म्हणायचे.
"इथे मी एकही सोडणार नाही."

मग घरं लांब गेली, अंगणाची, दोन मोटारींची.
रविवार दुकानांनी घेतला.
मग वरून हुकूम आला: नावातलं बेट काढा.
आम्ही वेस्टर्न रोव्हर्स झालो.
पाटीवरचा रंग अजून ओला होता त्या दिवशी
शाई म्हणाली चारशे बारा,
पेन्सिल म्हणाली चारशे बारा.
आयुष्यात पहिल्यांदा हिशेब जुळला.
वडील त्या रात्री जेवले नाहीत.

चाळीसच्या खाली आलं तेव्हा यंत्र खिशात पडून राहिलं.
आकड्यांच्या जागी ते नावं लिहू लागले:
नेनू. साल्वू, काठीसह. चेन्सा, घडीच्या खुर्चीवर.
तो न्हावी. न्हाव्याचा मुलगा.
न्हाव्याचा मुलगा.
मुलगा.

परवा माझ्या भाच्याच्या पोरानं, जेडननं,
त्यांना शहरातल्या मोठ्या स्टेडियमवर नेलं. मीही गेले.
छपराखाली वारा नाही, प्रत्येकाला खुर्ची,
आणि विसाव्या मिनिटाला पडद्यावर झळकलं:
एकवीस हजार चारशे सहा.
"बघ नन्नू! तुमच्या वेळी असं होतं?"
फोनवर त्यानं सरासरी काढली, तुमची आणि आमची.
वडील ऐकत होते.
सरासरी म्हणजे कुठल्याच रविवारी न आलेला माणूस.

तेवढ्यात त्यांच्या कोटातून आवाज आला. टिक्.
मी वळले. खालच्या रांगेत
बापाच्या छातीवर झोपलेली एक तान्ही,
तिला तिकीट नाही, म्हणजे बारकोडला ती दिसत नाही.
पुन्हा टिक्. जिन्यात झाडूवर हनुवटी टेकून
पेनल्टी बघणारा सफाईवाला.

"चारशे आठ," गाडीत बसताना ते म्हणाले.
जेडनला वाटलं, आजोबा आता वय विसरायला लागले.

पुलावर मी विचारलं, "आणि तिकिटं फाडणारी?
तिला कधी धरलंत?"
बराच वेळ खाली नदीवरचे दिवे गेले.
"तू हातचा होतीस," म्हणाले.
"हातचा बेरजेत लिहीत नाहीत.
वर लिहितात. बारीक."

रात्री वही काढली. पानं पिवळी, कडा तेलकट.
प्रत्येक रविवारच्या बेरजेवर, डोक्याशी,
पेन्सिलीचा मुंगीएवढा एक.

गणितच असेल ते.
नऊ आणि चार तेरा, हातचा एक.
तरी मी दिवा जवळ ओढला.